छायाचित्रांची पेटी व तिची किल्ली

मोबाईलनें काढलेला फोटो संगणकावर घ्यावा आणि तो उघडूं नये, हा अनुभव गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ सुशिक्षित घरांना आलेला आहे. मोबाईलच्या पडद्यावर तोच फोटो स्वच्छ दिसत असतो. बारशाच्या पाळण्याची फुलें, आजीच्या लुगड्याचे कांठ, सारें कांहीं जेथल्या तेथें असतें. संगणकावर उतरविला कीं मात्र त्याच्या जागीं एक कोरें चिन्ह येतें आणि नांवाच्या शेवटीं एच-ई-आय-सी हीं चार अपरिचित अक्षरें दिसतात. वडीलधारीं माणसें समजतात कीं फोटो बिघडला. तरुण मंडळी म्हणतात कीं संगणक जुना झाला. वस्तुतः बहुधा या दोहोंपैकीं कांहींच झालेलें नसतें. फोटो शाबूत असतो, संगणकहि धड असतो; त्या दोघांमध्यें जो एक करार असावा लागतो, तो मात्र झालेला नसतो.

हा करार म्हणजे काय, हें समजण्यास महाराष्ट्रांतील माणसाला दूर जावयास नको. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल बांधून ठेविलेले आहेत. कागद टिकला आहे, शाईहि पुसलेली नाहीं. तरी चांगला शिकलेला मराठी गृहस्थ तो कागद हातीं धरतो आणि मुकाट्यानें परत ठेवतो. लिहिणारा व वाचणारा यांच्यामधील अक्षरांचा संकेत त्याला ठाऊक नसतो. संगणकांतील फाईलची स्थिति याहून निराळी नाहीं. तींत एक आणि शून्य यांची लांबच लांब रांग असते. ती कोठून वाचावी, किती आंकड्यांचा एक गट करावा, त्या गटाला कोणता अर्थ द्यावा, हें सारें लिपीप्रमाणेंच अगोदर ठरलेलें असावें लागतें. या ठरावालाच फाईलचा फॉरमॅट म्हणतात. मात्र मोडी कोणीहि शिकावी. तिच्यावर कोणाची मालकी नाहीं. या नव्या लिपीवर अनेकांचे हक्क आहेत. हा भेद दिसावयास लहान दिसतो. परंतु फोटो उघडतो कीं नाहीं, हें शेवटीं त्याच्यावरच ठरतें.

फोटोला अशा लिपीची गरज कां पडली, हें पाहण्यास थोडें गणित पुरे आहे. १९७५ सालीं अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन नांवाच्या तरुण अभियंत्यानें फिल्मशिवाय चित्र घेणारा एक कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र १०० आडव्या व १०० उभ्या ओळींचें, म्हणजे अवघ्या १०,००० ठिपक्यांचें, आणि तेंहि काळेंपांढरें होतें. तेवढें चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदण्यास २३ सेकंद लागत. आजच्या पुष्कळ मोबाईलांतील फोटोंत रुंदीला ४०३२ आणि उंचीला ३०२४ ठिपके असतात. त्यांचा गुणाकार १,२१,९२,७६८ होतो. प्रत्येक ठिपक्यासाठीं तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे तीन आंकडे लिहावयाचे, म्हणजे एका फोटोला ३,६५,७८,३०४ बाइट इतकी जागा हवी. प्रत्यक्षांत तोच फोटो दहा ते तीस लाख बाइटांत मावतो. एवढें मोठें गांठोडें इतक्या लहान पेटींत बसविण्याची युक्ति ज्यांनीं शोधली, त्यांत एका भारतीयाचें नांव फार वरचें आहे.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० सालीं बंगलोर येथें झाला. अभियांत्रिकीची पहिली पदवी त्यांनीं तेथेंच घेतली आणि पुढील शिक्षण अमेरिकेंत न्यू मेक्सिको विद्यापीठांत पुरें केलें. कॅन्सस राज्य विद्यापीठांत अध्यापक असतां १९७२ सालीं त्यांना चित्रें आटोपशीर करण्याची एक गणिती रीत सुचली. तिच्या अभ्यासासाठीं त्यांनीं नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेकडे पैसे मागितले. कल्पना फारच साधी आहे, असा शेरा पडून अर्ज नामंजूर झाला. अहमद यांनीं काम सोडलें नाहीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत पगार नसतांना तें त्यांनीं पुढें चालविलें. जानेवारी १९७४ मध्यें टी. नटराजन व के. आर. राव या दोन सहकाऱ्यांच्या नांवांसह त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हें त्या रीतीचें नांव आहे. आज जगांत जे फोटो काढले जातात व जे चित्रपट घरोघर पाहिले जातात, त्यांतील बहुतेकांच्या पोटांत हीच रीत किंवा तिची एखादी वंशज काम करीत असते.

या रीतीचें मर्म संगीताच्या दृष्टान्तानें लवकर कळेल. तंबोऱ्याची एक तार छेडली असतां कानाला एकच झंकार ऐकूं येतो. परंतु त्यांत अनेक स्वर मिसळलेले असतात आणि जाणत्या गवयाला ते वेगवेगळे ओळखतां येतात. चित्रांतील उजेडाचीहि अशीच फोड करतां येते. आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच असा एक चौकोन घेतला, तर त्यांतील ६४ ठिपक्यांचा उजेड ६४ ठराविक लाटांच्या मिश्रणानें अचूक सांगतां येतो. कांहीं लाटा रुंद व संथ असतात, कांहीं अतिशय बारीक. नैसर्गिक चित्रांत संथ लाटांचें प्रमाण मोठें असतें, बारीक लाटांचें फार थोडें. आणि त्या बारीक लाटांतील फरक डोळ्याला सहसा जाणवतहि नाहीं. म्हणून त्यांचे आंकडे ढोबळ केले किंवा अजिबात गाळले, तरी पाहणाऱ्याला चित्र जसेंच्या तसें वाटतें. जागा मात्र पुष्कळ वांचते.

या शोधावर इमारत उभारण्याचें काम १९८६ सालीं स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय समितीनें केलें. 'जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप' या तिच्या नांवाच्या आद्याक्षरांवरूनच जेपेग हा शब्द झाला. १९९२ सालीं तिचा मसुदा प्रमाण म्हणून मान्य झाला. त्यांत चार पायऱ्या आहेत. पहिलींत उजेड व रंग वेगळे केले जातात; मनुष्याचा डोळा उजेडाच्या बारकाव्याला तीक्ष्ण व रंगाच्या बारकाव्याला मंद असल्यामुळें रंगाची नोंद बहुधा चतुर्थांशावर आणतात. दुसरींत आठ-आठ ठिपक्यांच्या चौकोनांची लाटांमध्यें फोड होते. तिसरींत क्षुल्लक लाटा गाळल्या जातात. चौथींत उरलेल्या आंकड्यांना लहानमोठ्या खुणा दिल्या जातात. तारायंत्राच्या लिपींत इंग्रजीतील सर्वांत अधिक येणाऱ्या अक्षराला एकच टिंब दिलेलें होतें. त्याच न्यायानें नेहमीं येणाऱ्या आंकड्याला आंखूड खूण आणि क्वचित् येणाऱ्याला लांब. या पायऱ्यांपैकीं तिसरींत जें गाळलें जातें, तें पुन्हां मिळत नाहीं. म्हणून जेपेगचा फोटो उघडून, त्यांत फेरफार करून, पुन्हां पुन्हां साठविला, तर दर खेपेला त्याचा थोडा कस जातो.

जेपेगचा प्रसार केवळ गणिताच्या बळावर झाला नाहीं. १९९१ सालीं 'इंडिपेंडंट जेपेग ग्रुप' या स्वयंसेवकांच्या मंडळीनें ही लिपि लिहिणारी व वाचणारी आज्ञावली तयार करून ती सर्वांना फुकट दिली. जो कोणी कॅमेरा करील, छापयंत्र करील किंवा चित्रें दाखविणारी आज्ञावली लिहील, त्यानें ती घ्यावी व आपल्या कामांत वापरावी, अशी मोकळीक होती. १९९५ सालीं जपानी उद्योगांच्या संघटनेनें एक्झिफ नांवाची पुस्ती जोडली. तिच्यामुळें फोटो केव्हां घेतला, कोणत्या कॅमेऱ्यानें घेतला, कॅमेरा आडवा होता कीं उभा, ही माहितीहि फोटोबरोबरच राहूं लागली. आज तीस वर्षांपूर्वींचा जेपेग फोटो कोणत्याहि नव्या यंत्रावर विनासायास उघडतो, त्याचें कारण हेंच. लिपि खुली असल्यामुळें वाचणारे सर्वत्र निर्माण झाले.

खुलेपणाची ही किंमत लोकांना कळण्यासाठीं दोन भांडणें व्हावीं लागलीं. १९८७ सालीं कॉम्प्युसर्व्ह कंपनीनें काढलेला जिफ हा चित्रांचा फॉरमॅट फार लोकप्रिय झाला होता. त्यांतील जागा वांचविण्याच्या रीतीचें पेटंट युनिसिस कंपनीकडे होतें. १९९४ च्या डिसेंबरांत त्या रीतीचा व्यापारी उपयोग करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचें जाहीर झालें, तेव्हां कित्येक वर्षें निर्धास्तपणें ती वापरणाऱ्यांची झोंप उडाली. त्या रागांतूनच स्वयंसेवकांनीं पीएनजी हा नवा फॉरमॅट रचला व १९९६ सालीं तो प्रसिद्ध झाला. दुसरें भांडण खुद्द जेपेगवर आलें. २००२ सालीं फर्जंट नेटवर्क्स या कंपनीनें १९८७ सालच्या एका पेटंटाच्या आधारें जेपेगवर हक्क सांगितला आणि मोठमोठ्या कंपन्यांकडून दहा कोटि डॉलरांहून अधिक रक्कम गोळा केली. २००६ सालीं अमेरिकेच्या पेटंट कचेरीनें फेरतपासणींत त्यांतील अनेक दावे अमान्य केले आणि त्याच वर्षीं तडजोड होऊन प्रकरण मिटलें. तंटा संपला, पण शहाण्यांनीं बोध घ्यावयाचा तो घेतला. लिपि जगभर पसरल्यावर तिचा मालक उभा राहिला, तर त्याला पैसे देण्यावांचून दुसरा मार्ग उरत नाहीं.

इकडे चलच्चित्रांचें शास्त्र झपाट्यानें पुढें जात होतें. चित्रपट म्हणजे दर सेकंदाला चोवीस किंवा अधिक चित्रें. तेथें जागेची टंचाई फोटोहून कितीतरी अधिक. म्हणून जागा वांचविण्याच्या सर्वांत कुशल युक्त्या चित्रपटांसाठीं शोधल्या गेल्या. २००३ सालीं एच-२६४ हें प्रमाण आलें आणि एप्रिल २०१३ मध्यें त्याच्याहि पुढचें एच-२६५, ज्याला 'हेवीसी' म्हणतात, तें मान्य झालें. पहिल्याच्या मानानें तें सुमारें निम्म्या जागेंत तेवढाच चांगला चित्रपट बसवितें.

त्याची युक्ति शाळेच्या हजेरीपटावरून ध्यानांत येईल. साठ मुलांच्या वर्गांत सत्तावन्न हजर असतील, तर शिक्षकानें प्रत्येकाचें नांव लिहीत बसण्याचें कारण नाहीं. सर्व हजर आहेत असें धरून चालावें आणि जे तीन गैरहजर तेवढेच लिहावे. हेवीसी चित्राचा एक चौकोन लिहिण्यापूर्वीं त्याच्या शेजारच्या, आधींच लिहिलेल्या ठिपक्यांवरून अंदाज करतें कीं येथेंहि असेंच असेल. असा अंदाज करण्याच्या तिच्याजवळ ३५ रीती आहेत. खांबाची कड वर चालली असेल तर वर, छपराची कड तिरपी असेल तर तिरप्या दिशेनें ती अंदाज पुढें नेते. मग प्रत्यक्ष चित्र आणि अंदाज यांत जेवढी चूक पडली तेवढीच लाटांच्या रूपानें नोंदते. शिवाय जेपेगचा चौकोन सदैव आठ ठिपक्यांचा. हेवीसीला मोकळ्या आकाशासाठीं चौसष्ट ठिपक्यांचा एकच मोठा चौकोन घेतां येतो आणि केसांच्या बटेसाठीं लहान लहान.

चित्रपटांतील एक चित्र वेगळें काढलें कीं तो फोटोच झाला. तेव्हां हीच युक्ति फोटोला कां लावूं नये, असा विचार चलच्चित्रांचीं प्रमाणें ठरविणाऱ्या एमपेग या आंतरराष्ट्रीय मंडळानें केला. २०१३ ते २०१५ या काळांत एक नवा आराखडा तयार झाला. फिनलंडमधील नोकिया कंपनीच्या संशोधकांचा त्यांत मोठा वांटा होता. 'हाय एफिशिअन्सी इमेज फाईल फॉरमॅट' हें त्याचें पूर्ण नांव. आद्याक्षरांचा उच्चार हीफ असा करतात. येथें एक भेद नीट ध्यानांत ठेविला पाहिजे, कारण पुढील सारा घोटाळा त्यांतूनच निघाला. हीफ ही पेटी आहे. हेवीसी ही त्या पेटींतील कागदांची लिपि आहे. हेवीसी लिपींत लिहिलेलें चित्र हीफ पेटींत ठेविलें म्हणजे जी फाईल होते, ती एच-ई-आय-सी, अर्थात् हीक.

पेटीची रचना मोठी सुबक आहे. तिचा मूळ नमुना ॲपल कंपनीच्या १९९१ सालच्या क्विकटाइम या चित्रपटांच्या फॉरमॅटांत सांपडतो. पेटींत कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशीं त्याची लांबी व चार अक्षरांचें नांव लिहिलेलें असतें. पहिल्या कप्प्याचें नांव एफ-टी-वाय-पी. आंत कोणत्या लिपीचा माल आहे, हें त्यांत सांगितलेलें असतें. त्यापुढें मुख्य चित्र, त्याची लहान प्रतिमा, एक्झिफची माहिती, कोणती वस्तु जवळ व कोणती दूर हें दाखविणारा खोलीचा नकाशा, अशा वस्तु वेगवेगळ्या कप्प्यांत राहूं शकतात. फोटो फिरवावयाचा असेल, तर चित्राला हात न लावतां 'पाव वळण द्यावें' एवढी सूचना लिहून ठेवतां येते. एकामागून एक घेतलेल्या अनेक चित्रांची मालिकाहि एकाच पेटींत मावते. जेपेगमध्यें एका रंगाच्या २५६ छटा नोंदल्या जातात. हीफमध्यें १,०२४ छटा नोंदण्याचीहि सोय आहे. मोठें चित्र फरशांप्रमाणें तुकड्यांनीं ठेवितां येतें. आयफोनच्या बारा मेगापिक्सेलच्या हीक फोटोंत ५१२ ठिपक्यांच्या आठ स्तंभ व सहा ओळी, म्हणजे ४८ फरशा असतात. चित्राचा एखादाच कोपरा मोठा करून पाहावयाचा असेल, तर तेवढ्याच फरशा उघडून भागतें.

हा आराखडा घरोघर पोंचविला ॲपल कंपनीनें. ५ जून २०१७ रोजीं सॅन होजे येथील परिषदेंत तिनें त्याची घोषणा केली आणि १९ सप्टेंबर २०१७ रोजीं आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन ७ व त्यानंतरच्या फोनांवर काढलेले फोटो आपोआप हीक होऊं लागले. तेवढ्याच जागेंत जवळजवळ दुप्पट फोटो मावूं लागल्यामुळें फोनधारकाची सोय झाली. पण फोटोची लिपि बदलली आहे, हें बहुतेकांना कळलेंच नाहीं. तें कळलें तो फोटो फोनच्या बाहेर पडल्यावर.

बाहेर पडल्यावर तो कां उघडेना, याचें उत्तर गणितांत नाहीं, व्यवहारांत आहे. हेवीसीच्या युक्त्यांवर अनेक कंपन्यांची व संस्थांची पेटंटें आहेत. जेपेगच्या वेळीं हक्काचा दावा मागाहून आला होता. येथें दावेदार आरंभापासूनच उभे होते, आणि ते एकत्रहि नव्हते. २०१४ सालीं शुल्क गोळा करणारा एक गट निघाला, २०१५ सालीं दुसरा आणि २०१७ सालीं तिसरा. शिवाय कांहीं हक्कदार कोणत्याच गटांत सामील नव्हते. महागडे फोन विकणाऱ्या कंपनीला हें शुल्क झेपतें. ज्यांच्या आज्ञावल्या फुकट वांटल्या जातात, त्यांना तें द्यावें कोठून? म्हणून क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनीं हीकला आपल्या दारांत घेतलें नाहीं. ॲपलच्या सफारीनेंहि तें २०२३ सालीं घेतलें. मायक्रोसॉफ्टची तऱ्हा तर या इतिहासाचें सार सांगण्यास पुरेशी आहे. विंडोज १० साठीं तिनें दोन पुरवण्या वेगवेगळ्या ठेविल्या. हीफ पेटी उघडणारी पुरवणी फुकट होती. आंतील हेवीसी लिपि वाचणारी पुरवणी अमेरिकेंत ९९ सेंटला विकत घ्यावी लागे. पेटीचें झांकण मोफत उघडावें आणि आंतील कागद वाचण्यासाठीं नाणें टाकावें, असा तो प्रकार झाला.

ही केवळ गैरसोय नव्हे, हें मे २०२० मध्यें दिसून आलें. कोविडच्या सांथीमुळें अमेरिकेंतील कॉलेज बोर्ड या संस्थेनें आपल्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षा विद्यार्थ्यांच्या घरींच घेतल्या. हातानें लिहिलेल्या उत्तराचा फोटो काढून ठराविक वेळांत संस्थेच्या संकेतस्थळावर चढवावयाचा होता. तें संकेतस्थळ जेपेग व पीएनजी घेई. हीक घेत नसे. आयफोन वापरणाऱ्या कांहीं मुलांनीं पेपर वेळेंत सोडविला, फोटो काढला आणि तो चढेना म्हणून पडद्याकडे पाहत राहिलीं. तेवढ्यांत घड्याळानें वेळ संपविली. दुसऱ्या आठवड्यांत संस्थेनें उत्तरें ई-मेलनें पाठविण्याची सवलत दिली; परंतु ज्यांचे पेपर आधीं बुडाले होते, त्यांच्यापुढें जूनमधील फेरपरीक्षेचाच मार्ग उरला. त्या मुलांचें उत्तर चुकलें नव्हतें, अक्षर वाईट नव्हतें. त्यांनीं कधीं न ऐकलेल्या एका कराराअभावीं त्यांचा पेपर न वाचलेला राहिला. भारतांतहि परीक्षांचे व नोकऱ्यांचे पुष्कळ अर्ज जेपेग फोटोच मागतात. तेव्हां ज्या घरांत विद्यार्थी आहे, त्या घरानें ही गोष्ट अर्जाच्या शेवटच्या दिवसापूर्वीं समजून घ्यावी हें बरें.

हीक उघडण्याचे मार्ग अवघड नाहींत. मात्र एक खोटा मार्ग आहे तो आधीं सोडला पाहिजे. फाईलच्या नांवांतील एच-ई-आय-सी खोडून तेथें जे-पी-जी लिहिल्यानें कांहीं साधत नाहीं. डब्यावर साखरेची चिठ्ठी लाविली म्हणून आंतील मीठ गोड होत नाहीं. वाचणारी आज्ञावली पहिला कप्पा उघडतें आणि खरा प्रकार ओळखते, किंवा गोंधळून थांबते.

खरे मार्ग तीन आहेत. पहिला फोनमधला. आयफोनच्या सेटिंग्जमध्यें कॅमेरा या सदराखालीं फॉरमॅट्स असा भाग आहे. तेथें 'हाय एफिशिअन्सी' ऐवजीं 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलें कीं त्यापुढील फोटो जेपेग होतात. जुने मात्र होते तसेच राहतात. जुन्यांसाठीं फोटोंच्या सेटिंग्जमध्यें 'ऑटोमॅटिक' ही निवड आहे. ती असतां तारेनें संगणकावर उतरवितांना फोन स्वतःच जेपेग प्रत करून देतो. दुसरा मार्ग संगणकांतला. ॲपलचे संगणक २०१७ पासून हीक वाचतात आणि त्यांतील प्रिव्ह्यू ही आज्ञावली जेपेग प्रत काढून देते. विंडोज १० वर वर सांगितलेल्या पुरवण्या बसवाव्या लागतात. किंवा गिंप ही फुकट मिळणारी चित्रांची आज्ञावली घ्यावी, जिला २०१८ पासून हा फॉरमॅट वाचतां येतो. तिसरा मार्ग म्हणजे फोटो बदलून देणारीं संकेतस्थळें. तो सर्वांत सोपा वाटतो, पण तेथें आपला फोटो परक्याच्या हातीं जातो. आणि फोटोबरोबर तो कोठें व केव्हां काढला याची नोंदहि जाऊं शकते. घरांतील मुलाबाळांचे फोटो आणि ओळखीचीं कागदपत्रें तरी या मार्गानें नेऊं नयेत.

जेपेग प्रत काढली म्हणून मूळ हीक फाईल टाकून देण्याची घाई करूं नये. नव्या प्रतींत चित्राचा थोडा बारकावा पुन्हां गाळला जातो. खोलीच्या नकाशासारखे इतर कप्पे तर बहुधा मागेंच राहतात. मूळ दस्तऐवज पेटींत ठेवावा आणि कचेरींत नक्कल द्यावी, हा जुन्या लोकांचा परिपाठ येथेंहि योग्य आहे.

हीफ पेटींत दोष नाहीं, हेंहि पुढील घटनांवरून सिद्ध झालें. २०१५ सालीं गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स इत्यादि कंपन्यांनीं शुल्काच्या जाचाला कंटाळून एक संघ स्थापिला. २०१८ सालीं त्यांनीं एव्ही-१ ही नवी लिपि प्रसिद्ध केली आणि ती कोणीहि शुल्कावांचून वापरावी असें जाहीर केलें. २०१९ सालीं याच लिपींतील चित्र त्याच हीफ पेटींत ठेवून ॲव्हिफ हा फॉरमॅट निघाला. पेटी तीच, कप्पे तेच. क्रोमनें २०२० सालीं त्याचा स्वीकार केला आणि ॲपलच्या फोनांनींहि २०२२ पासून तो वाचावयास आरंभ केला. या लिपीवरहि आपले हक्क आहेत असें म्हणणारे पुढें आलेच; तरी ज्या दारांतून हीकला प्रवेश मिळाला नाहीं, त्यांतून ॲव्हिफ आंत गेला.

पेटंटाची मुदत साधारणपणें वीस वर्षांची असते. २०१३ सालच्या हेवीसीच्या मूळ युक्त्यांवरील हक्क पुढील दशकांत एकामागून एक संपत जातील आणि ती लिपि, मोडीप्रमाणें, ज्याला शिकावयाची त्याला मोकळी होईल. तोंपर्यंत ती वाचणारीं यंत्रें व आज्ञावल्या घराघरांत असतीलच. पण त्या कोणाच्या मर्जीनें चालतात, हें विसरूं नये. पूर्वीं फोटोंचा अल्बम कपाटांतून काढावा आणि खिडकीपाशीं नेऊन पाहावा, एवढें पुरत असे. पाहण्यासाठीं कोणाचा परवाना लागत नव्हता. आतां फोटो आणि डोळा यांच्यामध्यें लिपि आली आहे, लिपीला मालक आले आहेत. म्हणून लग्नकार्याचे, वडील माणसांचे, पुन्हां काढतां न येण्यासारखे जे फोटो असतील, त्यांची मूळ फाईल आणि तिच्या शेजारीं एक जेपेग प्रत, अशी जोडी करून ती दोन ठिकाणीं ठेवावी. एका रविवारच्या दुपारचें तें काम आहे.